एकच हात वर

(भिवंडी, १९९१. धामणकर नाक्यामागची एक खोली, शुक्रवारची दुपार. कापड विणणाऱ्या लूमना सुट्टी, म्हणून गल्ली शांत.)

शैला: परत सांगा. खूण कोणाला केली होती?

दौलत: राघोला. माझ्या बाजूचे लूम तो चालवायचा, आणि त्या प्रार्थनासभेत पण बाजूलाच बसला होता. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाय, म्हणून हात वर करायचा. म्हणजे, मी बाहेर चाललो, माझ्या लूमकडे बघ.

शैला: आणि प्रार्थनेत तोच हात वर केलात.

दौलत: आठची शिफ्ट होती. पाहुणे उपदेशक थांबायलाच तयार नाय. डोळे मिटा म्हणाले, मग कायतरी मेंढरांचं बोलले. मी निघायच्या घाईत हात वर केला. राघोचे डोळे मिटलेले असणार, हे पण डोक्यात आलं नाय.

शैला: माझी मेंढरं कोण पाळील, त्याने हात वर करावा. असं म्हणाले होते.

दौलत: तेव्हा कुठं ऐकलं मी ते? मला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, लोक रडायला लागले. मंडळीतल्या वडीलधाऱ्या चांगदेवकाकांनी मिठी मारली. आता त्या माणसाला कसं सांगू, मला ड्युटीवर जायचंय म्हणून?

शैला: दुसऱ्या दिवशी सांगायचं.

दौलत: दुसऱ्या दिवशी आजाऱ्याकडे प्रार्थनेला नेलं. तिसऱ्या दिवशी मयतीला. अकरा वर्षं झाली, शैला. सात घरांची मंडळी होती, चौतीस झाली. राघोची दारू सुटली. सगळे वाढले, मी तिथंच. डोळे मिटले की मला लूमच ऐकू येतो, दुसरं काय पण नाय.

शैला: मला वाटायचं, तुम्ही थकता.

दौलत: आतापर्यंत मंडळीचा नुसता पुढारी होतो, चाललं. पण पाच वाजता काका येतील. पुढल्या शुक्रवारच्या उपासनेत मला पाळक म्हणून दीक्षा द्यायचीय, त्याचा होकार हवाय त्यांना. एकदा दीक्षा झाली की मेल्यावरच सुटका. मी त्यांना नकार सांगणार आहे.

शैला: त्या दिवशी पाहुणे शेवटी काय म्हणाले, आठवतं?

दौलत: एकच हात वर आहे, प्रभूला एकच पुरे.

शैला: ते असं म्हणाले तेव्हा माझा हात वरच होता.

दौलत: काय?

शैला: अगदी खांद्यापासून वर. आम्ही बायका मागे, भिंतीला. त्यांनी पुरुषांकडेच बघितलं असेल. मग तुम्हाला पुढे बोलावलं आणि मी हात खाली घेतला. वाटलं, एका घरातून एकाला बोलावलंय, तर ठीक आहे.

दौलत: म्हणून वचनं शोधून द्यायचीस तू. सगळा उपदेश लिहून.

शैला: तुम्हाला शिफ्टमुळे वेळ नसतो म्हणून द्यायचे. आणि खरं सांगू? मला हेवा वाटायचा. माझी वाक्यं तुम्ही वाचायचात, लोक आमेन म्हणायचे, आणि मी मागे बसून दात आवळायचे. मग घरी येऊन त्याचीच क्षमा मागायचे.

चांगदेव: सलाम, दौलतराव. सलाम, वहिनी. दार उघडंच होतं.

शैला: सलाम, काका. बसा.

चांगदेव: बसत नाही. ठाण्याच्या मोठ्या मंडळीला निरोप धाडायचा आहे. होकार समजू ना?

दौलत: काका, आधी ऐका. त्या सभेत मी हात वर केला तो प्रभूसाठी नव्हता. मला शिफ्टला जायचं होतं. राघोला खूण केली होती.

चांगदेव: खरं म्हणता?

दौलत: वचनावर हात ठेवून सांगतो.

चांगदेव: स्तुती असो. अहो, ही तर साक्ष झाली. माणूस पळून जायला हात वर करतो आणि प्रभू तोच हात धरतो. पुढल्या शुक्रवारी दीक्षेआधी हेच सांगा मंडळीला. अगदी असंच.

दौलत: मी नको म्हणतोय, काका.

चांगदेव: पात्र माणूस नको म्हणतोच. मी पण मंडळीचा वडील व्हायला दोनदा नको म्हटलं होतं.

दौलत: मग हिला करा पाळक. हात हिने वर केला होता, मनापासून. उपदेश हीच लिहिते. अकरा वर्षं तुम्ही हिचंच ऐकताय.

चांगदेव: वहिनींची तुम्हाला साथ आहे, ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. दीक्षेच्या दिवशी त्यांनाही पुढे बसवू. हार घालू.

शैला: हार नको, काका. मी बोलले तर चालेल का?

चांगदेव: बायांच्या प्रार्थनासभेत बोलता की तुम्ही. आता व्यासपीठावर म्हणाल तर वडील मंडळी ऐकायची नाहीत. मी एकटा काय करू? आणि आता नकार दिला, तर ठाण्याहून कुणीतरी दुसरा पाठवतील. तो महिन्यातून एकदा येणार. चौतीस घरं कुठे जातील, तुम्हीच सांगा.

दौलत: राघो परत पिईल.

चांगदेव: मी ते बोललो नाही.

शैला: होकार कळवा, काका.

दौलत: शैला.

शैला: कळवा तुम्ही.

चांगदेव: प्रभू तुमचं घर आशीर्वादित करो. येतो.

दौलत: गेले. तू का हो म्हणालीस?

शैला: नको म्हटलं असतं तर तुम्ही सुटला असतात. तुमच्या तोंडून माझं बोलणं लोकांपर्यंत जातं, तेवढंही गेलं असतं. स्वार्थ आहे माझा, मला कळतंय. मला माफ करा.

दौलत: साक्ष सांगायचीय मला. मी काय सांगू तिथं उभा राहून?

शैला: वही घ्या. मी हात वर केला, तेव्हा मला कुठेही जायचं नव्हतं.

दौलत: हे माझं नाय.

शैला: माझं आहे. लिहा.