पोराला न पेललेलं नाव

या, जरा जवळ सरका. जावा बेटावरच्या एका गावात, गोवराच्या लशीच्या रांगेत घडलेली गोष्ट ऐका. लेकीला घेऊन आलेल्या भाजीवाल्या सुमार्नीच्या पुढेच एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभी होती. सुमार्नीची नजर नर्सताईंच्या लशीच्या, बर्फ भरलेल्या डब्यावरून हलत नव्हती.

"आजी, मुलाचं नाव?"

"बेजो."

"कार्डावर तर वेगळंच नाव आहे."

"ते जुनं. फार जड होतं, पोराला पेलेना. सारखा ताप यायचा. म्हणून शेजारपाजाऱ्यांना जेवू घातलं आणि नाव बदललं."

"मग जुनं नाव तोंडानं सांगा. कार्ड दुसऱ्याच पोराचं नाही, हे मला कसं कळणार?"

"ते उच्चारलं की आजार माघारी येतो, बाई."

"पलीकडच्या वाडीत गोवर आलाच आहे. चार पोरं अंथरुणात आहेत. याची आई कुठंय?"

"मलेशियात, कामाला. आज टोचून घेच म्हणाली. आता फोन लागत नाही."

"बर्फ वितळतोय, आजी. मला डबा बंद करावा लागेल."

सुमार्नीला राहवेना. "आजी, मी झाकते याचे कान. तुम्ही हळूच सांगा."

"याचे झाकशील. आजाराचे कोण झाकणार?"

"आजार ताईंच्या सुईला घाबरतो."

आजीनं पोराला कडेवरून उतरवून सुमार्नीपुढे केलं.

"धर पोराला. घट्ट झाक."

ती नर्सताईंच्या कानाशी वाकली. रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग सुई टोचली, आणि बेजोनं भोकाड पसरलं. सुमार्नीचे हात अजून त्याच्या कानांवरच होते.

आपल्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या लेकराची आठवण ठेवा. नव्या नावानंच हं.