कोटाला ऊन

मेहकरच्या स्टँडवर देऊळगाव राजाच्या गाडीची वाट पाहत होतो. पाठीमागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरुण बाई बोलत होत्या. दोघींची ओळख तिथलीच.

"गाठोड्यात काय हाय, मावशी?"

"लोकरीचा कोट हाय माय, आमच्या मालकाचा. महाराष्ट्र झाला त्या साली वारले ते."

"पाहू? अरे देवा, याले तं कसर लागली! बाहीची चाळण झाली."

"कडुलिंबाचा पाला घातला, डांबरगोळ्या घातल्या. तरीबी लागली."

"ऊन काऊन नाई दाखवलं?"

"कसं दाखवू? त्यांचे सारे कपडे दिरानं तेराव्याले वाटून टाकले. हा एक मी कणगीआड लपवला. दोरीवर टाकला असता तं साऱ्या गावानं ओळखला असता."

"मंग आता कुठं घेऊन चालल्या?"

"बहिणीच्या गावी. तिथं त्याले कोणी ओळखत नाई."

"इथं तरी कोण ओळखते? आणा, या कठड्यावर पसरवू. बटनं सोडा, अस्तरालेबी ऊन लागू द्या."

म्हातारीनं एकेक बटण सोडलं आणि दोघींनी कोट कठड्यावर पसरला.

"मावशी, गाडी लागली. उचला कोट."

"तू जाय माय. एकच बाही तापली अजून."