टॅबमधल्या देवांचं विसर्जन

आमच्या जुन्या टॅबची गंमत ऐका. लेकीनं नातीच्या बारशाचा व्हिडिओ पाठवला, तं तो उतरेच ना. शिरपूरचा माझा साळा रोज सकाळी गुड मॉर्निंगचे देव पाठवते, त्यांनीच सारी जागा खाल्ली होती.

मी फोटो पुसाले बसलो, तशी बायको ओरडली, "आवो, देव पुसता? पाप लागन!"

म्हटलं, "पुसत नाही वं, विसर्जन करून राह्यलो. गणपती शिरवतो तवा पाप लागते काय?"

मंग तिनंच उदबत्ती लावली, मी सारे देव शिरवले, अन् पाळण्यातली नात झळकली.

बायको डोळे पुसत म्हणे, "घाईत 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणाचं राह्यलं!"

म्हटलं, "कायले? उद्या सकाळीच तुझा भाऊ घेऊन येते."