वर मिरची, खाली पापड

एकत्र या म्हणे! कोणासंग यायचं ते काही सांगत नाहीत... नुसतं एकत्र या, एकत्र या. आदिलाबादहून तो हर्षदीप इंजिनिअर यायचा, मले अक्का म्हणायचा, चहा प्यायचा, अन् जाता जाता पुन्हा तेच, अक्का, सगळ्याइनं एकत्र या. अरे बाबा, एकत्र यायले काय होते, बसायचं कोणाशेजारी ते सांग ना!

तुमाले सांगते, मी सुवर्णा, इथलीच, जैनथची. ज्वारीचे पापड करते, बारा वर्षं झाले. मी अन् संग आठ बाया. सकाळी चुलीवर पीठ वाफवायचं, ऊन वर आलं का गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पापड टाकायचे, पुढचं काम उन्हाचं. यात बिघडासारखं काय हाय? हाय ना. बकरी हाय. कबुतरं हायत. खालून कापसाच्या गाड्या जातात, एक गेली का अर्धा रस्ता माह्या पापडावर. भैंसा गावचा व्यापारी पियुष शेठ, त्यानं मागची अख्खी खेप वापस पाठवली. फोनवर इतक्या गोडीनं बोलला का मलेच रडू आलं. म्हणे, ताई, स्वाद वही है, बस थोडी रेत ज्यादा है. पुढची खेप साफ आली तं ठीक, नाही तं तो दुसरीकडून घेणार. अन् माहे अर्धे पापड त्याच्याकडंच जातात हो... तो गेला तं आठातल्या चौघींले घरी बसा म्हणावं लागलं असतं. कोणत्या चौघींले म्हणू? तुमीच सांगा.

तेवढ्यात हर्षदीपचं हे क्लस्टर. मी समजली, क्लस्टर म्हणजे एखादी मशीन असन. तं नाही. आपल्यासारखे लहान लहान कारखानदार, कोणी शेववाला, कोणी डाळवाला, कोणी लोणच्याची बाई, सगळ्याइनं मिळून एक मोठी वस्तू घ्यायची अन् पाळीपाळीनं वापरायची. वस्तू म्हणजे सोलर ड्रायर. काचेसारख्या पत्र्याची खोली, आत ट्रेच्या फळ्या, वर झडप, अन् एक पंखा, तोही उन्हावरच चालते. लाकूड नाही, डिझेल नाही, धूळ नाही, बकरी नाही. एकटीनं घेतलं अन् बिघडलं तं मिस्त्री फिरकत नाही. दहा जणांचं असलं तं धावत येते. मले पटलं. मी पहिली दस्तखत ठोकली. मग मोजले तं आमी नऊ, अन् लागत होते दहा.

दहावी कोण, तं जयवंताबाई.

आता कसं सांगू... ही बाई मिरची कुटून विकते. सात वर्षांमागं भैंशाच्या बाजारात आमचे ठेले शेजारी. माह्याकडं एक गिऱ्हाईक पापड चाखून पाणी मागून राह्यला होता, तं ही नाक वर करून म्हणते कशी, "पाणी लागनच. तिथं मीठ हातानं नाही, फावड्यानं पडते." चार लोक हसले. तवापासून अबोला. समोरून आली का मी आभाळ पाहते, अन् ती नाली पाहते. सात वर्षांत जैनथची एक नाली तिनं पाह्याची ठेवली नसन.

मी हर्षदीपले म्हटलं, तूच जाऊन विचार. मले वाटलं नाही म्हणन. तिनं उभ्या उभ्या दस्तखत केली. मले रागच आला, काऊन का मी नाही म्हणायची तयारी करून बसली होती, अन् तिनं एका मिनिटात मोठेपणा घेऊन टाकला.

एकत्र या म्हणे. आलो बाप्पा. ग्रामपंचायतीमागं ड्रायर उभा राह्यला. बाकीच्याइचा माल अजून निघाला नव्हता, म्हणून एक दिवस तिचा, एक दिवस माहा. पहिल्या दिवशी मी पापड ठेवले, दुपारी पाह्यलं तं सारे तडकलेले. हर्षदीपनं पंखा कमी केला, मग जास्ती केला, मग हैद्राबादच्या सरांले फोन लावला. दुसऱ्या खेपेलेही तेच. अन् जयवंताबाईची मिरची? लालभडक, देठ मोडला तं कटकन आवाज. पियुष शेठची तारीख चार दिवसांवर. गच्चीवर टाकावं तं रेती, आत ठेवावं तं तुकडे.

शेवटी तिच्या दिवशीच ड्रायरवर गेली मी, वाफवलेलं पीठ अन् बाया घेऊन. ती दारातच. मधात हर्षदीप. मी त्याले म्हटलं, विचार त्याइले, मिरची जळत काऊन नाही. ती हातभर दूर उभी, सारं ऐकून राह्यली. तरी त्यानं विचारलं. ती त्यालेच म्हणे, सांगा त्याइले, आधी माहीबी काळी पडली होती, झडप किती उघडायची ते पाहा लागते. त्यानं मले सांगितलं. बिचाऱ्याची मान नुसती पंख्यासारखी फिरून राह्यली. मग त्याले फोन आला अन् तो गेला बाहेर.

झालं. मधात कोणी नाही. मी आभाळ पाह्यले मान वर केली, तं वर ड्रायरचा पत्रा.

"सुवर्णा," ती म्हणे, "ज्वारी हाय वं ते. मिरचीएवढा ताव कसा सोसन? झडप उघडी टाक, अन् खालच्या फळीवर ठेव. खाली ताव कमी असते."

असं म्हणून तिनं खालच्या फळ्यांवरची आपली मिरची काढली, सारी वर नेऊन दाटीवाटीनं बसवली. तिचा दिवस होता, तिनं तसं कराचं काही कारण नव्हतं. पण मीबी मीच, मी म्हटलं, "मीठ पाहून घे मग."

तिनं बोटभर पीठ तोंडात टाकलं.

"बरोबर हाय," म्हणे. मग ट्रे पुसत पुसत, "तवाबी बरोबरच होतं. तुह्याकडं गर्दी होती. माह्याकडं सकाळपासून एकही माणूस नव्हता."

मी पापड टाकू लागली, ती बी संग टाकू लागली.

एकही पापड तडकला नाही. मिरचीचा वासबी लागला नाही, तो वरच्या झडपीतून बाहेर. तीन दिवसांत खेप तयार, ना रेती ना तुकडा. पियुष शेठनं तारीफ केली नाही, शेठ लोक करत नाहीत, पण पुढची खेप मागितली. आठही बाया कामावर. अन् हर्षदीप आता बोथ गावची लोकं आणून दाखवते, हे पाहा, एका तावात दोन माल, असं आमी संशोधन केलं. आमी म्हणजे कोण रे बाबा? तू तं फोनवर होता.

पण एकत्र या म्हणे, त्याचं पुढचं ऐका. आधी एक दिवस तिचा, एक माहा. आता वर मिरची खाली पापड, म्हणजे रोजच दोघींचा. रोज ती हाय अन् मी हाय. अन् ती बोलते. सात वर्षांचं साचलेलं बोलते... सुनेचं, जावयाचं, गुडघ्याचं, म्हशीचं, पुन्हा गुडघ्याचं. ऊन उतरते पण ही उतरत नाही.

काल पंखा अडकला. मिस्त्री घंटाभरात हजर, पाच मिनिटांत पंखा सुरू. मी त्याले बाजूले घेऊन हळूच विचारलं, बाबा, हिले बंद कराचं काही बटन असते काय? त्यानं जयवंताबाईकडं पाह्यलं, थोडा वेळ ऐकलं, अन् पाने-पेचकस पिशवीत भरत म्हणे, "अम्मा, मी फक्त पंख्याचं पाहतो."