न झालेली सात मिनिटं

सासूबाई : जावईबापू, आज तुम्ही एकट्याने विमान वर नेलंत आणि सात मिनिटांनी एकट्याने खाली आणलंत. विमान शाबूत, तुम्ही शाबूत. अभिनंदन. आता बसा. हे झालेलं नाही.

जावई : काय झालेलं नाही, आई?

सासूबाई : अस्संच. इतक्या पटकन जमलं म्हणजे आशा आहे.

जावई : नाही, मी खरंच विचारतोय. माझ्या शर्टाला पाठ नाहीये.

(फ्लाइंग क्लबचं ऑफिस. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले शर्टांचे तुकडे, प्रत्येकावर तारीख. सासूबाई टेबलाशी चष्मा पुसताहेत. जावई खुर्चीत पुढे सरकून बसलाय. टेकला की उघड्या पाठीला रेक्झिन चिकटतं.)

मामा : पाहुणे, पंखा बंद करू का? मागून वारा लागत असेल.

सासूबाई : तू गप्प बस. टॉवर सोडून कात्री घेऊन धावणाऱ्याने कुठल्याच बटणाला हात लावू नये.

मामा : ताई, शिकाऊ पहिल्यांदा एकटा उडून उतरला की त्याच्या शर्टाची पाठ कोण कापतं? मी. एकतीस वर्षं कोण कापतंय? मीच. ही भिंत काय उंदरांनी भरली?

सासूबाई : एकतीस वर्षं मी सांगितल्यावर कापलीस.

मामा : तू कधी सांगतेस? जुन्या विमानांत मास्तर मागे बसायचे, शिकाऊचा शर्ट ओढून डावं-उजवं सांगायचे. एकटा उडाला की ओढायला कोणी नको, म्हणून पाठ कापायची. तू विमानातून उतरलीस की मी कात्री काढतो. आज उतरलीस.

सासूबाई : मी यांना कंटाळून उतरले. सकाळपासून तीनदा धावपट्टीवर आपटलो. तिसऱ्यांदा माझी कवळी जागची सरकली. मी म्हटलं, पुरे, मी चालत जाते.

जावई : 'मी चालत जाते' एवढंच म्हणालात. 'तुम्ही थांबा' नाही म्हणालात.

सासूबाई : चालू विमानातून मास्तर उतरला तर माणसाने इंजिन बंद करून रडत बसावं.

जावई : पण इथली रीतच तशी आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. 'उद्या एकट्याने जायचंय असं आधी कळलं की शिकाऊची झोप उडते, म्हणून मी कोणाला सांगत नाही. एक दिवस मुकाट्याने उतरते, दार लावते, त्यावर दोनदा थाप मारते. थाप पडली की निघायचं.' आज दार दोनदा वाजलं.

सासूबाई : त्या दाराची कडी एका दणक्यात लागत नाही, हे इथल्या मांजरालाही माहीत आहे.

जावई : कडी मी गेल्या मंगळवारी दुरुस्त केली. आता पहिल्या दणक्यात लागते.

मामा : अरेच्चा.

जावई : म्हणून मी थांबून विचार केला. पहिला दणका दाराचा. मग दुसरा कशाचा?

सासूबाई : रागाचा.

जावई : तसं त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं. मी टॉवरला रीतसर परवानगी मागितली. मामा 'निघा' म्हणाले. मी निघालो.

सासूबाई : आणि तू दिलीस.

मामा : ताई, यांनी इतकं नीट कधी विचारलंच नव्हतं. रेडिओवर पहिल्या दिवशी काय म्हणाले आठवतंय? कोण, कुठे, काय हवंय, एवढंच बोलायचं असतं. हे म्हणाले, 'नमस्कार मामा, जेवण झालं का?' मागे दोन विमानं ताटकळत होती.

जावई : नात्यातला माणूस. एकदम कामाचं कसं बोलायचं?

सासूबाई : नातंच भोवलं. पहिल्याच पायरीवर मी यांना लिफ्टदुरुस्तीकडे परत पाठवायला हवं होतं. वैद्यकीय तपासणीला लोक जातात, डोळे, कान, छाती दाखवतात, अर्ध्या तासात बाहेर येतात. हे दोन तास आत. मला वाटलं, चला, हृदयात काहीतरी सापडलं.

जावई : त्यांची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकत होती.

सासूबाई : डॉक्टर टॉर्च धरून उभा आणि पेशंट खड्ड्यात. मग लेखी परीक्षा. 'उड्डाणात आग लागल्यास काय कराल?' काय लिहिलंत? मामाला सांगा.

जावई : ते वीस वर्षांच्या सवयीने लिहिलं गेलं.

सासूबाई : सांगा.

जावई : 'जिन्याचा वापर करावा.'

मामा : मुख्य कचेरीत तो पेपर म्हणे अजून फिरतोय. निरोपसमारंभाला वाचतात.

जावई : पुढच्या खेपेला पास झालो.

सासूबाई : चौथ्या. मग प्रत्यक्ष उडणं. सरळ उडायला जमलं, कारण त्यात काही करायचं नसतं. वळणाची वेळ आली की यांच्या कपाळाला आठ्या. जन्मभर नुसतं वर-खाली केलेला माणूस, वळणं हा यांना अपमान वाटतो. त्यानंतर वेग घालवून विमान मुद्दाम पडू द्यायचं आणि सावरायचं, तो धडा. तिथे हे 'आई' म्हणून ओरडले. मला हाक मारली की नुसतीच बोंब मारली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जावई : दोन्ही.

सासूबाई : आणि उतरवणं! लोक विमान उतरवतात, हे मजले घेतात. तिसरा, दुसरा, पहिला, तळमजला, आणि परत पहिला. अठ्ठावन्न तास झाले यांच्या शेजारी बसून. माझी लेक नऊ तासांत एकटी उडाली. शिंपीकाका चौदा. त्या भिंतीवर खाली फुलाफुलांचा तुकडा आहे ना, त्या बाईला डावं-उजवं कळत नव्हतं, हातांवर पेनाने लिहून यायची. बावीस.

जावई : आज माझ्या हातांवर काही लिहिलेलं नव्हतं.

सासूबाई : आज झालेलंच नाही.

जावई : आई, मी खाली आलो तेव्हा चाकं टेकलेली मला कळली नाहीत. मी वाट बघत होतो, आता आपटेल, आता आपटेल. मग लक्षात आलं, आपण जमिनीवर धावतोय. माझ्या हातून अशी एकच लिफ्ट झालीय आजवर. आत पाण्याचा पेला भरून ठेवला होता, थेंब सांडला नाही. आज ते दुसऱ्यांदा. वहीत नुसतं लिहा. एक ओळ.

सासूबाई : काय लिहू? 'मी परवानगी दिली' लिहिलं तर ते खोटं. 'शिकाऊने न विचारता विमान नेलं' लिहिलं तर तुमचं शिक्षण आजच्या आज बंद, आणि शिकाऊला चालू विमानात टाकून मास्तरीण गवतातून चालत गेली म्हणून माझाही परवाना गेला. हा टॉवर रिकामा टाकून कात्री घेऊन पळत होता म्हणून याचाही. तीन माणसांची वाट लागते. न झालेलं बरं.

मामा : आता लिहून टाक ना, दिली परवानगी. तो दुसरा दणका होताच की.

सासूबाई : आणि सकाळी आठ वाजता जे लिहिलं त्याचं काय करू?

जावई : सकाळी काय लिहिलंत?

सासूबाई : काही नाही.

जावई : मामा?

मामा : मी तर टॉवरवर होतो.

सासूबाई : मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. 'सदर शिकाऊ एकट्याने उड्डाण करण्यास कायमचा अपात्र आहे, प्रशिक्षण थांबवावे.' सही केली, शिक्का मारला. नऊ वीसला सदर शिकाऊ माझ्या डोक्यावरून गेला. एकतीस वर्षांत मी माणूस ओळखायला चुकलेले नाही, जावईबापू. आता एक तास वीस मिनिटांत चुकले म्हणून कळवू?

जावई : कायमचा?

सासूबाई : शब्द त्यांच्या फॉर्मवर छापलेलाच असतो.

जावई : बरं.

मामा : पाहुणे, पाणी घ्या.

जावई : नको. घरी काय सांगायचं तेवढं सांगा.

सासूबाई : त्यात काय सांगायचं? रोज जे सांगता ते.

जावई : रोज काही सांगत नाही. तुमची लेक दार उघडते आणि आत घ्यायच्या आधी मला वळायला लावते. पाठ बघते. शर्ट अख्खा असतो. मग म्हणते, 'ये, जेवायला बस.' मोजलं नाही म्हणते, पण त्र्याहत्तर वेळा वळलोय. हा पांढरा शर्ट त्यासाठीच घेतलेला. रोज धुते, रोज इस्त्री करते. आज वळलो की तिला दिसणार.

मामा : तिचा मघाशी टॉवरवर फोन आला होता. 'मामा, आज काही?' मी म्हटलं, हवा चांगली आहे.

सासूबाई : सोपं आहे. सांगा, लिफ्टच्या दारात शर्ट अडकला आणि फाटला.

जावई : कोणाच्या लिफ्टच्या?

सासूबाई : तुमच्याच. दुसऱ्याच्या लिफ्टशी तुमचा काय संबंध?

जावई : नाही.

सासूबाई : म्हणजे?

जावई : नाही सांगणार. माझ्या कुठल्याही लिफ्टच्या दारात वीस वर्षांत कोणाचा पदरसुद्धा अडकलेला नाही. मधे बोट आलं तरी दार मागे जातं. मला उडता येत नाही म्हणा, मी अपात्र आहे म्हणा, कायमचा म्हणा, सगळं छापा. माझी लिफ्ट शर्ट फाडते, हे मी माझ्या तोंडाने बायकोला सांगणार नाही.

मामा : ताई, हा माणूस पहिल्यांदाच स्वतःहून वळला बघ.

सासूबाई : तू तुझा टॉवर सांभाळ.

मामा : सांभाळतो, पण एक सांगून जातो. पाहुणे, तुम्ही उतरत होतात तेव्हा ही गवतात उभी होती. मी वरून दुर्बिणीने बघत होतो.

सासूबाई : दुर्बीण विमानं बघायला दिलीय.

मामा : विमानाचं काय बघायचं, ते नीट येत होतं. ही बघण्यासारखी होती. 'नाक वर, अहो नाक वर' असं म्हणत ही स्वतःच मागे वाकत होती. दोन्ही हातांनी काहीतरी ओढत होती. तुमची चाकं टेकली तेव्हा ही जवळजवळ आडवी झाली होती. वयाला शोभणार नाही अशी.

सासूबाई : पाठ धरली होती. तिसऱ्या आपटण्याने.

जावई : मी नाक कधी वर घेतलं?

सासूबाई : अर्धा क्षण उशिरा. नेहमी दोन क्षण उशिरा घेता.

जावई : म्हणजे सुधारणा आहे.

सासूबाई : न झालेल्या गोष्टीत सुधारणा नसते. आणि तोंड आवरा, हसल्यावर तुम्ही बंद पडलेल्या लिफ्टसारखे दिसता. यापुढे नकाशा घेऊन लांबचा प्रवास आहे, मग अनोळखी परीक्षक शेजारी बसणार, मग परवाना. तुमच्या वेगाने तोवर माझी नातवंडं निवृत्त होतील.

जावई : पत्र गेल्यावर कसलं पुढे?

सासूबाई : ते आहेच म्हणा. गेलं ना रे सकाळच्या टपालात?

मामा : कुठलं?

सासूबाई : शिक्का मारून तुझ्या हातात दिलं ते.

मामा : ते होय. त्यावर चहाचा पेला ठेवला होता मी. तळाचा गोल उमटला, नेमका 'अपात्र'वर. म्हटलं, असं घाणेरडं पत्र कचेरीला बरं दिसत नाही. वर खणात आहे. टाकू आता?

जावई : आई?

मामा : टाकू का, ताई? दुपारचं टपाल दोनला जातं.

सासूबाई : आज नको. उद्या टाक.

मामा : उद्याचं उद्या विचारू ना?

सासूबाई : रोज विचार. एवढं तरी कामाचं कर. जावईबापू, उद्या सकाळी साडेसहाला या. पहिल्या धड्यापासून. मी शेजारी बसेन, आणि दाराला हातसुद्धा लावणार नाही. जाताना माझं जाकीट घालून जा. घरात शिरताना काढू नका, थंडी वाजतेय म्हणा.

जावई : बाहेर ऊन आहे.

सासूबाई : तिला सांगा, तुम्हाला वर थंडी वाजते. घाबरट माणसाला वाजतेच, तिला पटेल.

जावई : बरं. मला एक अर्ज द्यायचाय. रीतसर.

सासूबाई : नामंजूर. वाचा.

जावई : 'प्रति, मुख्य प्रशिक्षिका. विषय : कापड तात्पुरते परत मिळणेबाबत. महोदया, आज रोजी न झालेल्या उड्डाणानंतर न कापलेल्या शर्टाच्या पाठीने आपण मघापासून चष्मा पुसत आहात. सदर पाठ अर्जदाराच्या पत्नीस दारात एकदाच दाखवून सकाळी साडेसहापूर्वी जशीच्या तशी परत करण्याच्या अटीवर एका संध्याकाळपुरती अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती.'