मागच्या गॅलरीला लावलेल्या शिडीबाबत

मी खाली सही करणार, वय ४९, धंदा घरांना रंग देणे, सगळे मला रंगारी म्हणूनच ओळखतात, राहणार शाळेमागच्या तीन मजली इमारतीत जिन्याखालची खोली, ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील खोलीत मी पत्नीसह राहतो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. यापूर्वी माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. आज पहाटे जप्त केलेली शिडी माझी आहे.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शाळेतल्या गणिताच्या बाई राहतात. त्यांच्या पतीचे चष्म्याचे दुकान आहे, त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. दोघांचा घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे. हे मला कळण्याचे कारण असे की, मी त्यांच्या हॉलचे छत रंगवत असताना वकीलबाई आल्या आणि तिघांचे बोलणे सुरू झाले. मी शिडीवर आहे हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मी दोनदा खोकलो. तिसऱ्यांदा खोकलो तेव्हा वकीलबाईंनी वर पाहिले आणि पिशवीतून कागद काढला.

त्या कागदाला गोपनीयतेचा करार म्हणतात. या नवराबायकोचे का बिनसले, कोण कुठे राहते, कोण काय घेऊन गेले, यातले काही कोणाला सांगायचे नाही, असे त्यात आहे. बाईंचे म्हणणे होते, "उद्या वर्गातली पोरं फळ्यावर माझा संसार सोडवायला बसतील." चष्मेवाल्यांचे म्हणणे, "दुकानात माणूस डोळे तपासायला बसला की त्याचं तोंड सुटतं. मला माझीच कथा गिऱ्हाइकाकडून ऐकायची नाही." यावर दोघांचे एकमत होते. दुसऱ्या कशावर दिसले नाही. मी सही केली. सही केली आहे हेही सांगायचे नव्हते. मी मनात देवाला साक्षी ठेवून शब्द दिला आणि पत्नीलाही काही बोललो नाही. बारा महिने बोलणारी माझी पत्नी त्या सुमारास गप्प गप्प असे, त्याचा अर्थ मी तब्येत असा लावला.

तेव्हापासून चष्मेवाले दुकानामागच्या खोलीत राहतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घरी आल्या. आईवडील गेल्यावर चष्मेवाल्यांना याच आत्यांनी वाढवले. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत त्यांना घटस्फोटाचे कळू द्यायचे नाही, असे बाई आणि चष्मेवाले यांनी ठरवले. आत्या पुढच्या हॉलमध्ये झोपतात आणि दार वाजले की जाग्या होतात. म्हणून त्या झोपल्या की चष्मेवाले मागच्या गॅलरीतून उतरतात व त्या उठायच्या आत चढून येतात. शिडी मी धरतो.

आज पहाटे चष्मेवाले अर्ध्या शिडीवर असताना दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू 'चोर, चोर' असे ओरडला. तो नुकताच राहायला आला आहे. गस्तीचे हवालदार आले. सगळी इमारत अंगणात जमली.

हवालदारांनी मला विचारले, "वर कोण आहे?"

"सांगता येत नाही."

"ओळखतोस त्याला?"

"तेही सांगता येत नाही."

"मग शिडी कोणासाठी धरलीस?"

मी म्हणालो, "शिडी माझी आहे. एवढं सांगता येईल."

मग त्यांनी शेजाऱ्यांना विचारले. निवृत्त पोस्टमास्तर आभाळाकडे पाहू लागले. समोरच्या काकूंना दूध उतू जात असल्याचे आठवले. दूधवाला तर अजून यायचा होता. शेवटी माझ्या पत्नीला विचारले. ती म्हणाली, "सांगता येत नाही." मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. वकीलबाईंनी एकेकाला एकटे गाठून सगळ्या इमारतीच्या सह्या घेतल्या होत्या, फक्त नवा भाडेकरू राहून गेला होता, हे मला त्या वेळी उमगले.

बाई गॅलरीत आल्या होत्या. हवालदारांनी विचारले, "बाई, हा तुमचा कोण?" नवरा म्हणावे तर तो शिडीने का येतो हे सांगावे लागले असते, आणि आत आत्या होत्या. बाई म्हणाल्या, "त्यावर मला काही बोलायचं नाही." चष्मेवाल्यांनी खाली उतरून दोन्ही हात पुढे केले. त्यांना गाडीकडे नेताना बाई वरून म्हणाल्या, "अहो हवालदार, सावकाश न्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतो."

"चोराचा गुडघा तुम्हाला कसा माहीत?"

"त्यावरही मला बोलायचं नाही."

ठाण्यात चष्मेवाल्यांनी नाव सांगितले नाही. साहेब आम्हा दोघांवर घरफोडीचा गुन्हा लिहायला बसले तेव्हा मी वकीलबाईंना फोन लावून देण्याची विनंती केली. पोलिसांना खरे सांगायला कराराची हरकत नाही, तसे कलम आहे, असे त्या म्हणाल्या. म्हणून वरील हकीकत सांगितली.

एवढे लिहून होते तोच आत्या रिक्षाने आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात डबा. त्या साहेबांना म्हणाल्या, "चोर कुठाय? उपाशी राहिला की त्याला पित्त होतं."

साहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला माहीत आहे तर सगळं?"

"रोज सकाळी जांभया देत आतल्या खोलीतून येतो. आतल्या खोलीत झोपणाऱ्याच्या पायाला माती कशी असेल? मला एक डोळा आहे अजून."

"मग सांगून का टाकत नाही त्यांना?"

"वेडे आहात का? माझ्यासमोर दोघं किती गोड वागतायत. मागच्या वेळी मी आले तेव्हा एकमेकांना मीठसुद्धा पुढे करत नव्हते. पट्टी निघेपर्यंत चालू द्या. मग वेगळे होऊ देत, पण असे बोलत बोलत होऊ देत." नंतर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रंगारी, शिडी घट्ट धरता ना? लहानपणी एकदा पडलाय तो."

मी धरतो म्हणालो. आपल्याला कळले आहे हे भाच्याला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून व साहेबांकडून घेतला. कागद मागितला नाही. सबब या जबाबाची नक्कल चष्मेवाल्यांना देऊ नये आणि शिडी आज रात्रीपूर्वी परत मिळावी, ही विनंती.

हा जबाब मला दार लावून हळू आवाजात वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. शेजारच्या खोलीत चष्मेवाले बसले असून मधली भिंत फळ्यांची आहे. वाचून झाल्यावर ते पलीकडून आपणहून म्हणाले, की त्यांना काही ऐकू आले नाही.