देवाजीचा डोंगा

(सक्करदऱ्याच्या तलावाचा काठ, १९७६, दिवाळीच्या आधीची सकाळ. तलावात शिंगाडे लावणारा नत्थू आणि त्याची बायको जयवंता, देवाजीची विकायला काढलेली लाकडी नाव, म्हणजे इकडचा डोंगा, पाहायला आले आहेत. देवाजीही तिथेच उभा आहे. नत्थू-जयवंताची सहा वर्षांची पुष्पी काठावर बसली आहे.)

नत्थू : तुले कसं माहीत तिथं जोड आहे?

जयवंता : कुठं?

नत्थू : बुडाशी. आत्ता बोट ठेवलं तू तिथं. मी अर्ध्या घंट्यापासून डांबर खरवडून राहिलो, मले जोड सापडला नाही. तू आत पाय टाकला आन सरळ त्याच्यावरच बोट.

जयवंता : माह्या बापाच्या आंगनासमोर बनला हा डोंगा. चार महिने ठोकठाक चालू होती. दिसनार नाही का मले?

नत्थू : दिसनार. चार महिने पाहत बसली तं दिसनारच.

देवाजी : जोड पक्का आहे, नत्थूभाऊ. सागाची फळी आखूड पडली होती, म्हनून तिथं...

नत्थू : तुले इचारलं का?

देवाजी : नाही.

नत्थू : मंग?

जयवंता : त्याच्यावर काहून चिडतं? डोंगा त्याचा आहे. जोड तोच सांगन, नाही तं काय मारोतराव सांगन?

नत्थू : मारोतरावचाही डोंगा काही वाईट नाही. मी तं म्हनतो तोच घेऊ. ताजं डांबर मारलं आहे.

जयवंता : ताजं डांबर काहून मारलं, थे नाही पाह्यलं तू. काल मी केसातला आकडा टोचला त्याच्यात. डांबराखाली पार गेला. लाकूड नाही रे बावा, भाकरी आहे भिजलेली.

नत्थू : मारोतरावच्या डोंग्यात आकडा टोचला. इथं टोचला का?

जयवंता : टोचला. वाकला. हा पाह.

नत्थू : ठेव, ठेव. मले काय दाखवतं. देवाजी, एक सांग. तुह्या भावाले कोराडीच्या बिजलीघरात नोकरी लागून सालभर झालं. तू वाडीले, ट्रान्सपोर्टच्या गोदामात चौकीदार. मंग सालभर हा डोंगा पाहून कोन राहिलं? आत थेंबभर पानी नाही.

देवाजी : मी येतो ना. बुधवारी छुट्टी असते. पावसाचं पानी साचते, ते उपसून जातो.

नत्थू : बुधवारी.

देवाजी : हो.

नत्थू : बुधवारी बाजार असते इथं. जयवंता शिंगाडे घेऊन बसते बुधवारी. उकडलेले एका टोपल्यात, कच्चे दुसऱ्या टोपल्यात.

जयवंता : मंग? बुधवारी बाजारात अर्धं नागपूर येते. सगळे काय मले पाह्यले येतात?

नत्थू : सगळ्यायचं नाही म्हनत मी.

देवाजी : भाऊ, मी बाजारातून नाही जात. मागच्या रस्त्यानं येतो, तिथूनच वापस जातो.

नत्थू : हे पाह! बाजारातून नाही जात. सरळ रस्ता सोडून मागून जाते. ज्याच्या मनात काही नसते, तो माणूस कायले मागून जाईन गा?

जयवंता : समोरून गेला असता तं तू म्हनला असता, समोरून काहून गेला. तुले काय पाहिजे, त्यानं वरून उडत जावं का?

नत्थू : बरं, राहू दे. आता इकडं ये. मी या कडेवर उभा राहतो. पूर्ण वजन देतो. पोट्टे शिंगाडे तोडतानी असेच एका बाजूनं झुकतात. आपला डोंगा तेवढ्यानंच पलटला होता, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.

जयवंता : मले सांगतं? केस धरून ओढली मी पुष्पीले. तीनदा हात घातला तं शिंगाड्याचा वेलच हातात येत होता. चौथ्यांदा केस आले. अजून झोपेत तेच करतो मी, हात घालतो पान्यात.

नत्थू : म्हनून तं पाहून राहिलो. हे उभा राहिलो. हे उडी मारली. आणखी मारली.

देवाजी : नाही पलटनार.

नत्थू : तुले इचारलं का?

देवाजी : नाही, भाऊ. पन नाही पलटनार. बूड रुंद धरलं आहे. सहा माणसं आन चार टोपले, एवढा हिशेब करून बांधला.

नत्थू : सहा माणसं. तू एकटा, भाऊ एकटा होता तवा. लग्न ना कार्य. सहा माणसं कोनती गा?

देवाजी : टोपले समोर ठेवायचे, माणसं मागं.

नत्थू : आन हे मागं बसायची फळी. हे पाह, इतकी खाली. मी बसलो तं गुडघे कानाले लागतात. बायामानसाच्या उंचीची आहे हे. कोनत्या बाईच्या उंचीची?

जयवंता : नत्थू.

नत्थू : तू नको बोलू वं. याले इचारून राहिलो. आता इचारलं आहे. सांग, देवाजी. हा डोंगा तू कोनासाठी बांधला?

देवाजी : यायच्यासाठी.

नत्थू : कोन यायच्यासाठी?

देवाजी : तुमच्या घरवालीसाठी. तवा मंगनी झाली होती आमची. नऊ वर्षं झाले. तुमाले मालूम नाही असं नाही, भाऊ.

नत्थू : मंगनी झाली होती, हे माहीत होतं. डोंगा माहीत नव्हता.

जयवंता : मले माहीत होता.

नत्थू : तुले माहीत होता, आन आठ दिवसांपासून तू माह्या मागं लागली, हाच घे, हाच घे!

जयवंता : हाच चांगला आहे म्हनून लागली.

नत्थू : तुह्या बापानं याले पोरगी देली नाही. मिरगी येते म्हनून, पान्यावर पोट आहे आन पान्यातच पडून मरन म्हनून. पोरगी देली नाही, आन मी याचा डोंगा घेऊ? पोरगी नाही चालत, डोंगा चालते?

जयवंता : तोंड सांभाळ. माणसाची बिमारी आहे थे.

देवाजी : बोलू द्या. खरंच आहे. म्हनून मी पान्यावर जातच नाही. भाऊच चालवत होता. बांधला मी, पन एक दिवसही चालवला नाही.

नत्थू : मले एक सांग, जयवंता. बापानं नाही म्हटलं तवा तू काय केलं?

जयवंता : दोन दिवस जेवली नाही.

नत्थू : मंग?

जयवंता : तिसऱ्या दिवशी भूक लागली, जेवली. चार महिन्यानं तुह्यं स्थळ आलं.

नत्थू : दोन दिवस! माह्यासाठी कधी एक टाइम तरी उपाशी राहिली का तू?

जयवंता : तुह्या घरी उपाशी राह्यले काही कारन शोधा लागते का?

नत्थू : हास, तूही हास देवाजी. हे उतरलो काठावर. मी नाही घेत हा डोंगा. जळते माह्या जिवाले, लपवून काय करू? रोज सकाळी उठा, आन त्यानं जिच्यासाठी फळ्या तासल्या तिले त्याच्याच फळीवर बसवून न्या. रोज! मी वल्हं मारू, आन पाठीमागं तू त्याच्या फळीवर.

जयवंता : जळत असशीन तं जळ. माह्या हातात नाही थे. पन घरात सहा जनं आहेत, होळीले सातवं येईन, आन आपला डोंगा तीन माणसायचा. एक खेप तुही, एक माही, पोट्टे काठावर एकटे. नाही तं सगळे कोंबायचे आन पलटायचं. उद्या गोरेवाड्याचा माणूस येऊन राहिला, हा घेऊन जाईन. मंग तुह्या जिवाची आग शांत होईन, पन पोट्ट्यायले मी कशात बसवू? ते सांग.

नत्थू : मारोतरावचा डोंगा...

जयवंता : आकडा पार गेला रे त्याच्यात!

देवाजी : भाऊ.

नत्थू : आता काय?

देवाजी : तिकडं पाहा. हळू. मुलगी.

नत्थू : पुष्पी? पुष्पी कुठं... अरे! आत चढली?

जयवंता : ओरडू नको. बोलू नको काही.

नत्थू : तान्ह्या पोळ्यापासून थे घोट्याइतक्या पान्यात उतरली नाही. आंघोळीले बालटी पाह्यली तरी रडते.

जयवंता : म्हनूनच म्हनतो, बोलू नको. बसू दे.

नत्थू : त्याच फळीवर बसली पाह. पाय पुरतात तिचे. खाली टेकले. पुष्पे, भेव वाटते का वं? ...नाही म्हनते. मान हालवून नाही म्हनते. आपल्या डोंग्यात दोन महिन्यात पाय नाही टाकला, आन इथं कोनी बोलावलं बी नाही.

देवाजी : हालत नाही ना हा, म्हनून. लेकराले पायाखाली कळते.

नत्थू : देवाजी.

देवाजी : हो.

नत्थू : गोरेवाड्याच्या माणसाले सांग, डोंगा गेला. मी घेतला. पन एक गोष्ट. घर सांगायची रीत करायची नाही.

जयवंता : करा लागन.

नत्थू : काही नाही करा लागत. पैसे दिले, डोंगा सोडला, झालं.

जयवंता : आपल्या डोंग्याचं नाही केलं, आठवते का? त्या ठेकेदारानं पैसे घेतले आन चालला गेला. तलावाच्या मधात जाऊन त्यानं घर नाही सांगितलं. आठ वर्षं डोंगा आपल्याकडं राह्यला, पन आपला नाही झाला. मी नाही बसत पुन्हा अशा डोंग्यात, पोट्ट्यायलेही नाही बसवत. इकनाऱ्यानं मधात जावं, पान्यात हात घालून डोंग्याले सांगावं, आता हे घर तुह्यं. माह्या बापाकडं असंच होत होतं. तुह्या बापाकडं बी.

देवाजी : मी नाही जाऊ शकत, बाई. मधात नाही. नऊ वर्षांत गेलो नाही. पान्यावर ऊन चमकलं की डोळ्यापुढं काही बी होते.

नत्थू : झालं, मिटलं!

जयवंता : मिटलं नाही.

नत्थू : अवं, त्याले भेव वाटते. माणूस भेव वाटते म्हनते, आन तू... देवाजी, खरंच भेव वाटते का गा?

देवाजी : वाटते. खोटं काय सांगू.

नत्थू : आन तरी दर बुधवारी काठावर येऊन पानी उपसतं तू? डोंग्यात उतरून?

देवाजी : काठावर चालते. काठावर पाय टेकतात.

नत्थू : ये इकडं.

देवाजी : कायले?

नत्थू : ये म्हटलं न. हा दुपट्टा. हे एक टोक तुह्या कमरेले. हे दुसरं माह्या. पक्की गाठ मारतो, ढिवराची गाठ आहे, सुटत नाही. तू पडला तं मी ओढतो. मले पोहता येते, तलाव पाठ आहे मले. चल, बस मधात. ऊन चमकलं तं डोळे मीट, मी सांगीन कवा उघडायचे.

जयवंता : मी येतो.

नत्थू : तू काठावर राहजो. दोन जीवाची आहे तू. आन दुसरंही कारन आहे, थे तुले माहीत आहे.

जयवंता : पुष्पीले उतरव तं.

नत्थू : ते उतरत नाही आता. मी इचारून पाह्यलं, फळी धरून बसली. राहू दे. आम्ही तिघं जातो. ढकल. जोरानं! ...सुटला. वा रे. एका वल्ह्यात इतका गेला! जड वाटत होता, पन हलका चालते. देवाजी, डोळे मिटले का?

देवाजी : मिटले.

नत्थू : गाठ आहे न?

देवाजी : आहे. कमरेले ओढ बसते माह्या, तुमी वल्हं मारलं की.

नत्थू : होऊ दे. पुष्पे, शिंगाड्याच्या वेलाले हात नको लावू, काटे आहेत. ...हं. आलो मधात. उघड डोळे. खाली पाहू नको, हातच पाह आपला. पान्यात घाल.

देवाजी : घातला. थंड आहे.

नत्थू : दिवाळी आली, थंडच राहीन. सांग आता.

देवाजी : ...आता तुह्यं घर नत्थूचं. त्याच्या मायचं, अंजनाबाईचं. पोट्ट्यायचं, पुष्पीचं, ताराचं, गनपतचं. जे येनार आहे त्याचं. यायलेच घेऊन जाय, यायलेच घेऊन ये. झालं, भाऊ. चला वापस.

नत्थू : झालं कुठं? घरवालीचं राह्यलं.

देवाजी : थे तुमी सांगा.

नत्थू : मी कसा सांगू? इकनाऱ्यानं सांगायचं असते.

देवाजी : भाऊ, थे नाव मी नऊ वर्षांत तोंडात आनलं नाही.

नत्थू : माहीत आहे मले. कान देऊनच असतो मी. ...तुले खरं सांगू? मले अजूनही जळते. मिटलं नाही काही. थे पाह, काठावर उभी आहे, डोळ्यावर हात धरून. तुले पाहून राहिली का मले पाहून राहिली, मी इतक्या दुरून तेच पाहून राहिलो.

देवाजी : पोरीले पाहून राहिली, भाऊ.

नत्थू : ...हो. पोरीलेच.

देवाजी : चलायचं का मंग?

नत्थू : नाव घे आधी. मी तिकडं तोंड करून वल्हं मारतो. वल्ह्याचा आवाज होते, मले काही ऐकू येत नाही.